विमान-देखभाल व भूसेवा, एअर इंडियाची

विमान जमिनीवर असताना त्याची तपासणी करणे, सुटे भाग बदलणे व दुरुस्ती करून ते उड्डाणयोग्य ठेवणे ह्या कामास विमान-देखभाल म्हणतात. विमान उतरल्यापासून ते पुन्हा निघेपर्यंत प्रवासी, सामान, माल, स्वच्छता, वीजपुरवठा इत्यादींची जी व्यवस्था करावी लागते, तिला भूसेवा अशी संज्ञा आहे. एअर इंडियाच्या प्रारंभापासून ही दोन्ही कामे त्या कंपनीचेच अंतर्गत विभाग करीत असत. पुढे त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र कंपन्या नोंदविण्यात आल्या : भूसेवेसाठी एअर इंडिया एअर ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड (२००३, नंतरचे नाव एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड) आणि देखभालीसाठी एअर इंडिया एंजिनिअरिंग सर्व्हिसेस लिमिटेड (२००४). २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या स्वाधीन झाली, तेव्हा ह्या दोन कंपन्या मात्र भारत सरकारकडेच राहिल्या. ज्या उद्योगसमूहाने १९३२ मध्ये ही विमानसेवा सुरू केली, त्याच्याकडे विमाने परत गेली; पण त्यांची निगा राखणारी हँगरे व तेथील कर्मचारी दुसऱ्या मालकाकडे उरले. ह्या दोन कामांचा इतिहास म्हणजे मालकी वारंवार बदलत असताना जबाबदारीची साखळी अखंड कशी ठेवावी, ह्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

कामाचे स्वरूप : देखभालीचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे मार्गावरील देखभाल. प्रत्येक उड्डाणापूर्वी चाके, गतिरोधक, एंजिनातील तेल, द्रवचालित यंत्रणेतील गळती, विमानाच्या बाह्य कवचावरील आघाताच्या खुणा इ. पाहिल्या जातात आणि वैमानिकाने नोंदवहीत लिहिलेल्या तक्रारींचे निवारण केले जाते. दुसरा भाग म्हणजे तळावरील देखभाल. ठराविक उड्डाणतास, उड्डाणांची संख्या किंवा कालावधी पुरा झाला, की विमान हँगरमध्ये घ्यावे लागते. ह्या तपासण्यांना परंपरेने ‘ए’, ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे दिलेली आहेत. ‘ए’ तपासणी काहीशे उड्डाणतासांनंतर होते व बहुधा एका रात्रीत उरकते. ‘सी’ तपासणी साधारणपणे दीड ते दोन वर्षांनी येते. ‘डी’ तपासणीत विमानाची आसने, अंतर्भागाची आवरणे व अनेक यंत्रणा काढून मूळ सांगाडा उघडा केला जातो आणि गंज व सूक्ष्म तडे शोधले जातात. ही तपासणी सहा ते बारा वर्षांतून एकदा येते व तिला अनेक आठवडे लागतात.

ह्या सर्व कामाचा कायदेशीर पाया सहीवर उभा आहे. काम पुरे झाल्यावर विमान सेवेस योग्य आहे असे प्रमाणपत्र परवानाधारक विमान-देखभाल अभियंत्याने दिल्याशिवाय विमान उडू शकत नाही. भारतात ही पद्धती १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम ह्यांनी घालून दिली. त्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ह्याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. जुन्या पद्धतीत परवान्याचे ए, बी, सी, डी व एक्स असे वर्ग असत. विमान, एंजिन, त्यांची संपूर्ण उकल-दुरुस्ती आणि विद्युत, उपकरणे व रेडिओ ह्यांसाठी ते वेगवेगळे होते. पुढे युरोपीय पद्धतीशी मिळतेजुळते वर्ग स्वीकारण्यात आले. वर्ग बदलले, तरी सही करणारी व्यक्ती त्या कामास व्यक्तिशः उत्तरदायी असते, हे तत्त्व बदललेले नाही.

भूसेवेत कामांची विविधता अधिक आहे. विमान थांबताच चाकांना चॉक लावणे, बाहेरून वीजपुरवठा जोडणे, शिड्या लावणे, सामान व माल उतरविणे, पिण्याचे पाणी भरणे, स्वच्छता करणे, पुढील उड्डाणाचे सामान चढविणे आणि शेवटी ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणे (पुशबॅक) ही कामे एका ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. अरुंद धडाच्या विमानाच्या बाबतीत त्यांसाठी पाऊण तासाहून कमी वेळ मिळतो. ह्यांतील भारपत्रक (लोडशीट) तयार करणे हे काम बाहेरून कारकुनी वाटले, तरी अत्यंत महत्त्वाचे असते. कोणत्या कप्प्यात किती वजन आहे, यावर विमानाचा गुरुत्वमध्य ठरतो. तो ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास विमानाचे नियंत्रण धोक्यात येते. म्हणजेच सामान उचलणारा लोडर व आकडेमोड करणारा अधिकारी हे दोघेही उड्डाणाच्या सुरक्षिततेत वैमानिकाइतकेच सहभागी असतात.

प्रारंभ : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी पस मॉथ जातीच्या एका एंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानाचे एंजिन सुमारे १२० अश्वशक्तीचे होते. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणण्यात आले. ह्या हवाई टपालसेवेच्या पहिल्या दिवसाची भूसेवा ती हीच. मुंबईचा तळ जुहू येथे समुद्रालगतच्या सपाट मैदानावर होता आणि तेथे ताडपत्रांनी शाकारलेली एक शेड होती. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जात असे. त्यामुळे दोन विमाने, तीन वैमानिक व तीन यंत्रज्ञ असा सर्व संसार पुण्यास हलवून येरवडा तुरुंगानजीकच्या मैदानावरून काम चालवावे लागे.

१९३३ ह्या पहिल्या पूर्ण वर्षात ह्या विमानांनी सुमारे अडीच लाख किमी. प्रवास केला आणि १५५ प्रवासी व दहा टनांहून अधिक टपाल वाहून नेले. पश्चिम घाटावरील पावसाळी हवामानातही टपाल वेळेवर पोहोचविल्याबद्दल नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात ह्या सेवेचा गौरवपूर्वक उल्लेख केला. वक्तशीरपणाचे श्रेय सामान्यतः वैमानिकांना दिले जाते. तथापि राखीव विमानांची सोय नसताना रोजच्या रोज तीच यंत्रे उड्डाणास सिद्ध ठेवणे हे शेडमधील मूठभर यंत्रज्ञांचे काम होते. वैमानिक व यंत्रज्ञ एकाच छपराखाली वावरत असल्याने आकाशात जाणवलेला दोष जमिनीवरच्या माणसाला समोरासमोर सांगता येई. हा निकटचा संबंध पुढे अनेक वर्षे ह्या संस्थेच्या कार्यपद्धतीचा पाया राहिला.

आंतरराष्ट्रीय सेवा व राष्ट्रीयीकरण : २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे एअर-इंडिया लिमिटेड ह्या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. ८ मार्च १९४८ रोजी सरकारच्या ४९ टक्के भांडवलाने एअर-इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली आणि ८ जून १९४८ रोजी तिच्या ‘मलबार प्रिन्सेस’ ह्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबई–कैरो–जिनीव्हा–लंडन ह्या मार्गावर पहिले उड्डाण केले. ह्या विमानास अठरा सिलिंडरांची चार पिस्टन एंजिने होती. त्यांच्या देखभालीस जुहूची शेड व तेथील अवजारे पुरेशी नव्हती. मोठ्या विमानांच्या वाहतुकीसाठी सांताक्रूझचा विमानतळ वापरात आला व कंपनीचा मुख्य तांत्रिक तळही तेथेच वाढला.

वायुनिगम अधिनियम, १९५३ अन्वये १ ऑगस्ट १९५३ पासून विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी मार्ग एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले, तर आठ कंपन्या एकत्र करून देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स हा निगम निर्माण करण्यात आला. दोन्ही निगमांची देखभालकेंद्रे, भांडारे व प्रशिक्षणाची व्यवस्था वेगळी राहिली. पुढील पन्नास वर्षांत दोन स्वतंत्र तांत्रिक परंपरा तयार झाल्या. एअर इंडियाची मुंबईस केंद्रित व दीर्घकाळ मुख्यतः बोइंग विमानांवर आधारलेली होती; इंडियन एअरलाइन्सची अनेक शहरांत विखुरलेली असून पुढे प्रामुख्याने एअरबस विमानांकडे वळलेली होती. २००७ मधील विलीनीकरणाच्या अडचणींचे एक मूळ येथे आढळते.

‘काश्मीर प्रिन्सेस’ : विमान परक्या तळावर उभे असताना त्याच्याजवळ कोण जातो, हा प्रश्न भूसेवेत सर्वांत नाजूक आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी ह्याचा दारुण प्रत्यय आला. बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळातील काही सदस्यांना व पत्रकारांना घेऊन एअर-इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे जात होते. वाटेत उजव्या बाजूच्या चाककोठीत स्फोट झाला व विमान नातूना बेटांजवळ समुद्रात कोसळले. विमानातील १९ जणांपैकी १६ मृत्युमुखी पडले. विमानाच्या अवशेषांत कालनियंत्रित यंत्रणेचे भाग सापडले. कै ताक विमानतळावर विमान थांबलेले असताना तेथील स्थानिक देखभाल कंपनीच्या एका सफाई कामगाराने बाँब ठेवल्याचा निष्कर्ष निघाला. तो कामगार तैवानला पळून गेला.

वाचलेल्या तिघांत सहवैमानिक दीक्षित व मार्गनिदेशक पाठक ह्यांच्याबरोबर विमान-देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे होते. कर्णिक ह्यांनी ह्या घटनेवर काश्मीर प्रिन्सेस ह्या नावाचे पुस्तक लिहिले. परदेशी तळावर आपले विमान दुसऱ्या कंपनीच्या हाती सोपवावेच लागते. अशा वेळी विमानाबरोबर आपला अभियंता पाठविण्याची रीत होती आणि कर्णिक त्याच रीतीनुसार प्रवास करीत होते. तरीही स्वच्छतेसाठी काही मिनिटे विमानाजवळ आलेला माणूस ही व्यवस्था भेदू शकला. विमानाजवळ जाण्याचा अधिकार म्हणजे एक प्रकारची विश्वस्तता होय, हा धडा ह्या घटनेने दिला.

जेट युग : १९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ विमाने आली. त्यांना रोल्स-रॉइस कंपनीची कॉनवे एंजिने होती. पिस्टन एंजिनात वळलेल्या हातांना टर्बाइनाचे तंत्र नव्याने शिकावे लागले. जेट एंजिनात फिरते भाग कमी असले, तरी तापमान व वेग फार मोठे असतात. त्यामुळे डोळ्यांनी न दिसणारे तडे शोधण्यासाठी क्ष-किरण, श्राव्यातीत तरंग, चुंबकीय कण, भेदक रंजक इ. अविनाशी परीक्षणपद्धतींना महत्त्व आले. १९६२ मध्ये कंपनीचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला.

१९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ विमान दाखल झाले. त्याची लांबी सुमारे ७०·६ मी., पंखांचा विस्तार सुमारे ५९·६ मी. व शेपटीची उंची १९ मी. हून अधिक होती. पस मॉथच्या पंखांचा विस्तार सुमारे ११ मी. होता, ही गोष्ट लक्षात घेता चार दशकांत कामाचे प्रमाण किती वाढले ह्याची कल्पना येते. एवढ्या विमानासाठी हँगर, उचलक यंत्रे, शेपटीभोवतीचे मजलेवार मंच, ट्रॅक्टर व एंजिनांच्या चाचणीची सोय अशी सर्वच साधने नव्याने उभारावी लागली. भूसेवेतही सुटे सामान हाताने रचण्याऐवजी ते धातूच्या पेट्यांत भरून यंत्राने चढविण्याची पद्धत आली. ह्याच काळात मुंबई, दिल्ली इ. विमानतळांवर येणाऱ्या अनेक परदेशी कंपन्यांची भूसेवाही एअर इंडिया करू लागली व तिला त्यातून परकीय चलन मिळू लागले. मुंबईत कंबाटा एव्हिएशन ही खाजगी कंपनीही ह्या क्षेत्रात दीर्घकाळ होती.

सांताक्रूझ येथील तळाभोवती एक कामगारवस्तीही वाढली. कलीना येथील कर्मचारी वसाहतींतून तंत्रज्ञ, लोडर, चालक व सफाई कामगार ह्यांच्या दोन-दोन पिढ्या नांदल्या. उमेदवार म्हणून लागलेल्या मुलाने ज्येष्ठ कारागिराच्या हाताखाली राहून परवाना मिळवावा, ही येथील रीत होती. नियमपुस्तकात प्रत्येक बोल्टचा पीळ दिलेला असतो. परंतु कोणत्या जागी गंज आधी धरतो, कोणता आवाज नेहमीचा व कोणता वेगळा, हे ज्ञान अशा सहवासातूनच पुढे जाते.

‘कनिष्क’ : २३ जून १९८५ रोजी माँट्रिऑलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईस येणारे ‘एम्परर कनिष्क’ हे बोइंग ७४७ विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बाँबस्फोटाने नष्ट झाले व ३२९ व्यक्ती मरण पावल्या. ह्या घटनेत भूसेवेतील प्रत्येक दुवा तपासला गेला. बाँब असलेली पेटी व्हँकूव्हर येथे दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढविण्यात आली होती व टोराँटोस ती एअर इंडियाच्या विमानात हलविण्यात आली. पेटीचा मालक मात्र विमानात बसलाच नाही. टोराँटो येथे सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते. त्याच दिवशी टोकिओच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानात चढवावयाच्या सामानात स्फोट झाला आणि सामान हलविणारे दोन कामगार ठार झाले.

ह्या उड्डाणाशी देखभालीचाही एक संबंध होता. काही दिवसांपूर्वी टोराँटोस एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानाचे एंजिन निकामी झाले होते. ते दुरुस्तीसाठी भारतात आणावे म्हणून ‘कनिष्क’च्या डाव्या पंखाखाली पाचवे एंजिन म्हणून बसविण्यात आले व त्याचे सुटे भाग चढविण्यात वेळ गेल्याने उड्डाणास उशीर झाला. ह्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियमांत बदल होऊन विमानात न बसलेल्या प्रवाशाचे सामान विमानात राहू नये, ह्या दंडकाची अंमलबजावणी कडक झाली. आज एखादा प्रवासी ऐन वेळी आला नाही, तर त्याची पेटी शोधून उतरविण्यासाठी विमान थांबविले जाते; त्यामागे हा इतिहास आहे.

स्वतंत्र कंपन्या : १९९० नंतर देशात खाजगी विमान कंपन्या आल्या व सरकारी कंपन्यांची मक्तेदारी संपली. भूसेवा व देखभाल ही केवळ खर्चाची खाती नसून इतरांची कामे घेऊन उत्पन्न मिळविणारे व्यवसाय होऊ शकतात, हा विचार जगभर प्रबळ होत होता. त्यानुसार २००३ व २००४ मध्ये वर उल्लेखिलेल्या दोन कंपन्या नोंदविण्यात आल्या. तथापि काही वर्षे प्रत्यक्ष काम मूळ कंपनीच्याच विभागांकडे राहिले. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स ह्यांचे नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड ह्या कंपनीत विलीनीकरण झाले. २०१० मध्ये तिचे नाव एअर इंडिया लिमिटेड असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी, २००७ मध्ये, सरकारने भूसेवेसंबंधी नवे धोरण जाहीर केले व प्रमुख विमानतळांवर हे काम विमानतळ-चालक, एअर इंडियाच्या उपकंपन्या आणि स्पर्धेतून निवडलेल्या संस्था ह्यांपुरते मर्यादित करण्याचे ठरविले. ह्या धोरणावरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाले. २००८ मध्ये बंगळूर व हैदराबाद येथे नवे विमानतळ सुरू झाले. तेथील भूसेवेसाठी एअर इंडियाने सिंगापूरच्या सॅट्स ह्या कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा संयुक्त उपक्रम उभारला.

विलीनीकरणानंतर तोटा व कर्ज वाढत गेले. २०१२ मध्ये केंद्र सरकारने कंपनीच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली आणि त्याच वर्षी देखभाल व भूसेवा प्रत्यक्षात वेगळ्या करण्यास संमती दिली. सुमारे १९,००० कर्मचारी नव्या कंपन्यांकडे वर्ग करावयाचे होते. त्यांपैकी सुमारे ७,००० देखभालीचे व १२,००० भूसेवेचे होते. ह्यामागे एक हिशेबी कारण होते. दर विमानामागे असलेली कर्मचाऱ्यांची संख्या एअर इंडियात इतर कंपन्यांपेक्षा जास्त असल्याची टीका सातत्याने होत असे. बहुतेक परदेशी कंपन्या भूसेवा व मोठी देखभाल बाहेरून करून घेत असल्याने ही तुलना समान पायावर नव्हती. कर्मचारी उपकंपन्यांकडे जाताच हे प्रमाण कागदावर एकदम खाली आले. करावयाचे काम मात्र तेवढेच राहिले. सेवाशर्ती, ज्येष्ठता व निवृत्तिलाभ ह्यांविषयी आशंका असल्याने अभियंत्यांच्या संघटनांनी ह्या निर्णयास विरोध केला. महासंचालनालयाची आवश्यक मान्यता मिळाल्यानंतर २०१५ पासून देखभाल कंपनी स्वतंत्रपणे काम करू लागली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, तिरुवनंतपुरम व नागपूर हे तिचे प्रमुख तळ होत.

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एक दुर्दैवी अपघात घडला. हैदराबादकडे निघालेले एअरबस ए-३१९ विमान मागे ढकलून झाल्यावर जमिनीवरील माणसे पुरती दूर होण्यापूर्वीच पुढे निघाले व एक तंत्रज्ञ चालू एंजिनात ओढला जाऊन मरण पावला. विमानकक्ष व जमीन ह्यांमधील संकेत दोन्ही बाजूंनी पुन्हा पडताळूनच पुढील कृती करावयाची असते. तो नियम क्षणभर सुटला, तर सर्वांत आधी बळी जातो तो विमानाखाली उभ्या असलेल्या माणसाचा.

नागपूर केंद्र : २००६ च्या प्रारंभी एअर इंडियाने ६८ बोइंग विमानांच्या खरेदीचा करार केला. त्याच्या अनुषंगाने बोइंग कंपनीने भारतात एक देखभालकेंद्र बांधून देण्याचे मान्य केले. देशाच्या मध्यावर असलेले स्थान व मिहान प्रकल्पात उपलब्ध असलेली जमीन ह्यांमुळे नागपूरची निवड झाली. रुंद धडाची विमाने मावतील अशी प्रत्येकी सुमारे १०० मी. लांब व १०० मी. रुंद दोन हँगरे व कर्मशाळा तेथे बांधण्यात आल्या. विमाने धावपट्टीवरून केंद्रात आणण्यासाठी जोडमार्गही बांधावा लागला. २०१५ मध्ये हे केंद्र एअर इंडियाच्या देखभाल कंपनीच्या ताब्यात आले. मुंबईबाहेर महाराष्ट्रात उभे राहिलेले हे एक मोठे विमान-देखभालकेंद्र असून विदर्भातील तंत्रशिक्षित तरुणांना त्याने नवे क्षेत्र खुले केले.

अशा केंद्रांपुढे करांची मोठी अडचण होती. भारतात केलेल्या देखभालीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसे. त्यामुळे अनेक भारतीय कंपन्यांना आपली विमाने मोठ्या तपासणीसाठी परदेशी नेणे स्वस्त पडे. १ एप्रिल २०२० पासून हा कर ५ टक्के करण्यात आला आणि २०२४ मध्ये आयात सुट्या भागांवरील एकात्मिक करही सरसकट ५ टक्के झाला.

खाजगीकरण व नंतर : २०१८ मध्ये एअर इंडियाचे ७६ टक्के भांडवल विकण्याचा प्रयत्न झाला, पण एकही बोली आली नाही. त्यानंतर एअर इंडिया ॲसेट्स होल्डिंग लिमिटेड ही सरकारी कंपनी निर्माण करून तिच्याकडे कर्जाचा मोठा भाग व चार उपकंपन्या देण्याचे ठरले. देखभाल व भूसेवा कंपन्या ह्या चारांपैकी होत. एअरलाइन अलाइड सर्व्हिसेस व हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या उरलेल्या दोन होत. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाच्या टॅलेस ह्या कंपनीची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारण्यात आली. तीत १५,३०० कोटी रुपये कर्जाच्या जबाबदारीचे व उरलेले रोख होते. एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस आणि सॅट्सबरोबरच्या भूसेवा-उपक्रमातील निम्मा हिस्सा ह्यांचे हस्तांतरण झाले. अशा रीतीने बंगळूरसारख्या ठिकाणची भूसेवा टाटांकडे, तर मुंबईसह इतर अनेक विमानतळांवरील जुनी भूसेवा सरकारकडे, अशी विभागणी झाली.

विक्रीबरोबर कलीना येथील वसाहती रिकाम्या करण्याचा आदेश निघाला. तेथे राहणाऱ्यांत सरकारी उपकंपन्यांकडे राहिलेले कर्मचारीही होते. हा वाद २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. भूसेवेत कायम नोकऱ्यांऐवजी ठराविक मुदतीच्या नेमणुकांचे प्रमाण वाढले. जुलै २०२४ मध्ये कलीना येथे सामान हाताळणे व तत्सम कामांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या असता हजारो तरुणांची गर्दी लोटली व व्यवस्था कोलमडली. ह्या कामाची प्रतिष्ठा कमी झाली असली, तरी गरज किती तीव्र आहे, हे त्यावरून दिसले. दरम्यान एअर इंडियाने स्वतःचे देखभालकेंद्र बंगळूर येथे उभारण्यास २०२४ मध्ये प्रारंभ केला. एके काळी जे वेगळे काढले, त्याची अंतर्गत सोय पुन्हा निर्माण करण्याची आवश्यकता नव्या व्यवस्थापनाला वाटली, ही गोष्ट सूचक आहे.

मूल्यमापन : देखभाल व भूसेवा स्वतंत्र करण्याचे काही लाभ निश्चित आहेत. एकच हँगर अनेक कंपन्यांना उपयोगी पडते, महागडी साधने रिकामी राहत नाहीत आणि कामाची किंमत स्पष्ट होते. परदेशांत अशा अनेक कंपन्या स्वबळावर उभ्या आहेत. तथापि स्वतंत्र कंपनीचे नाते करारावर चालते. करारात वेळ, दर व दंड लिहिता येतात. ज्येष्ठ कारागिराने उमेदवाराला दिलेले ज्ञान किंवा शंका आल्यास विमान थांबविण्याचे धैर्य लिहून घेता येत नाही. उड्डाणास विलंब झाल्याचा तोटा त्याच दिवशी हिशेबात दिसतो. वेळीच सापडलेल्या तड्यामुळे टळलेला अपघात कोणत्याही हिशेबात दिसत नाही. म्हणून मालक कोणीही असो, सही करणाऱ्या अभियंत्याला निर्णयाचे स्वातंत्र्य असणे, विमानाजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची निवड व प्रशिक्षण काळजीपूर्वक होणे आणि दोन कंपन्यांच्या सीमेवर कोणतेही काम बेवारस न राहणे, ह्या तीन गोष्टी कायद्याने व देखरेखीने सांभाळाव्या लागतात. जुहूच्या शेडमध्ये त्या आपोआप साधत असत. आजच्या विस्तृत व्यवस्थेत त्या हेतुपुरस्सर घडवाव्या लागतात.